फुकेतला कुठे जेवावं, याचं पूमामांना सविस्तर उत्तर

ओंगार, डब्लिन
रविवार (पाऊस आहे, पण तो लिहिण्याचा विषय नाही, रोजच असतो)

तीर्थरूप पूमामा यांच्या पायांवर, आणि त्या पायांच्या मधोमध असलेल्या दोन्ही सोयीस्कर गुडघ्यांवरही, जयदीपचा डोकं टेकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. उत्तर मला तुम्ही पाठवलेल्या सहलीच्या पत्रकावरून कळलंच आहे. मामी गेल्याला आता तिसरं वर्ष लागलं. तेव्हापासून मी तुम्हांला, आयर्लंडला या, महिना-दोन महिने राहा, म्हणून विनवतोय आणि दर वेळी तुमचे गुडघे आडवे येताहेत. इतके तास विमानात बसवत नाही, थंडीत सांधे धरतात, डॉक्टर नको म्हणतात. मी प्रत्येक वेळी 'बरं' म्हणालो आणि स्वप्नाला सांगितलं की मामांचे गुडघे गेले गं बिचाऱ्यांचे. आणि आता तुमचा निरोप येतो: 'फेब्रुवारीत थायलंडला चाललो आहे. फुकेतच्या जुन्या गावात तिथलं जेवण कुठे चांगलं मिळतं ते कळव. फोन करू नकोस, तू बोलता बोलता ठेवून देतोस.' म्हणजे हे गुडघे पश्चिमेकडे जाताना दुखतात आणि पूर्वेकडे जाताना दुखत नाहीत. एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवून ठेवा, असा आजार क्वचितच बघायला मिळतो.

फोन करायचा नाही अशी आज्ञा असल्यामुळे हे पत्र. (शाळेनंतर मी मराठीत इतकं लांब काही लिहिलेलं नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढायची तुमची मास्तरकीची खोड उफाळून आली तर लाल पेनाने खुणा करून परत पाठवा, निदान तेवढं तरी तुमच्याकडून येईल.) फोन ठेवण्याच्या आरोपाचं उत्तर पुढे योग्य जागी येईल. तोपर्यंत एवढंच सांगतो की त्या दिवशी तुम्हांला पडद्यावर शेवटी जे दोन काळे डोळे वटारलेले दिसले, ते माझे नव्हते.

इकडे सगळे खुशाल. स्वप्ना कामात गढलेली असते. रेवाला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते, तेही अशा आयरिश हेलात की तिच्या आजीला ते कानडी वाटतं. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. परवा पापड कुठे आहेत विचारलं तर ही म्हणाली, 'दे आर इन द प्रेस, डॅडी', आणि सासूबाई घाईघाईने इस्त्री बघायला धावल्या. सासूबाई म्हणजे सुलक्षणाबाई, गेल्या वर्षापासून आमच्याकडेच राहायला आहेत. स्वभावाने सोनं. आल्या त्याच दिवशी त्यांनी एकच गोष्ट मागितली, की त्या ज्या ओट्यावर स्वयंपाक करतील तिथे मासळी येऊ नये. मी जावयाच्या मोठेपणाने 'येणार नाही' म्हणालो. मामा, हा देश चारी बाजूंनी समुद्रात बसलाय. त्या समुद्रातले खेकडे पकडून हे लोक म्हणे परदेशी धाडतात आणि स्वतः बटाटा खातात. आणि त्याच देशात अलिबागच्या पुरुषोत्तममास्तरांचा भाचा गेलं वर्षभर दुधीची भाजी खातोय. चांगली असते. रोज चांगली असते.

तेव्हा ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत थायलंडचं ठरलं त्यात माझा हेतू शुद्ध होता असं मी म्हणणार नाही. मला खेकडा खायचा होता. देवळं बघायची नव्हती, हत्ती बघायचा नव्हता, अंगाला तेल चोळून घ्यायचं नव्हतं. एक भरलेली चिंबोरी, आणि ती फोडायला अर्धा तास निवांत, एवढीच माझी इच्छा. सासूबाई बरोबर होत्या, पण ओटा बरोबर नव्हता, त्यामुळे शब्दही मोडत नव्हता.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठे जेवावं. हाच प्रश्न मी इथे ल्यूकनमध्ये राहणाऱ्या सारंगला विचारला होता. सारंग नागपूरचा, माझ्या ऑफिसात आहे, आणि तो जिथे गेलेला नसतो तिथली माहिती त्याच्याकडे अतिशय पक्की असते. त्याने मला इंटरनेटवरचं एक पान पाठवलं: फुकेतच्या जुन्या गावात जिथे फक्त स्थानिक लोकच जेवतात अशी ठिकाणं. 'फक्त' या शब्दाखाली रेघ होती. असं गुपित जगातल्या सगळ्या लोकांना इंग्रजीतून सांगणाऱ्याच्या भाबडेपणाचं मला कौतुक वाटलं. आम्ही पहिल्या ठिकाणी पोचलो तर दारात ही रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात फोनवर तेच पान. आमच्या पुढे एक जोडपं होतं, कुठले म्हणून विचारलं तर क्लॉन्सिलाचे. म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरची माणसं स्थानिक जेवण शोधायला अर्धी पृथ्वी ओलांडून आमच्याच पुढे उभी. त्या रांगेतला एकमेव स्थानिक माणूस तिथून स्कूटर काढायची खटपट करत होता आणि त्याला कोणी वाट देत नव्हतं.

गाव मात्र देखणं आहे, ते नाकारत नाही. पूर्वी तिथे कथिलाच्या खाणी होत्या, त्यावर श्रीमंत झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून घरं बांधली. खाली दुकान, वर बिऱ्हाड, समोर कमानींची पडवी. पिवळी, निळी, गुलाबी. आपल्याकडे असा गुलाबी रंग कोणी घराला दिला असता तर शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं असतं. तिथे लोक त्या घराच्या दारात उभं राहून फोटो काढतात आणि आतल्या आजीबाईंना बाहेर पडायला फोटो संपेपर्यंत थांबावं लागतं. (आमच्या स्वप्नानेही काढले. एका फोटोत आजीबाई आल्या आहेत. त्यांचा चेहरा आपल्या शांताकाकूसारखा, पाहुणे जात नसतील तेव्हाचा.)

रांगेच्या तोंडाशी एक मुलगी नावं लिहून घेत होती. तिने मला नाव विचारलं आणि मी सांगितलं, 'जे'. इथे थोडं मागे जावं लागेल. बारशाला माझं नाव आत्याने ठेवलं असं जगाला वाटतं, पण 'जयदीप' हे तिच्या कानात तुम्ही सुचवलं होतंत, हे आईने मला अनेकदा सांगितलंय. सुंदर नाव. इथे ऑफिसात पहिल्याच दिवशी आमच्या डेक्लनसाहेबांनी ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं, 'जय' म्हणता येईना, 'दीप' तर दूरच, शेवटी म्हणाले, 'जे, ग्रँड.' इथे कोणी 'ग्रँड' म्हणालं की विषय संपतो. तेव्हापासून मी जे. कॉफीच्या पेल्यावर जे, दाताच्या डॉक्टरकडे जे, रेवाच्या शाळेत रेवाज् डॅड जे. इतकी सवय झाली की फुकेतच्या त्या मुलीलाही मी तेच सांगितलं. तिचा चेहरा उजळला. तिने कागदावर काहीतरी खरडून तो आत भटारखान्यात दिला, आणि आतून एका जाड्या आचाऱ्याने डोकं बाहेर काढून माझ्याकडे आदराने पाहिलं. मला वाटलं, काय हे आतिथ्य.

माझ्या पुढ्यात आले टोफूचे नूडल्स. शेजारच्या टेबलावर क्लॉन्सिलाचं जोडपं कोळंबी सोलत होतं. रांग मोठी होती, गडबड झाली असेल असं समजून मी खाल्ले. संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा नाव विचारलं, पुन्हा 'जे', पुन्हा आदर, आणि समोर अळिंबीचा रस्सा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफवलेल्या पुरचुंड्यांच्या टोपल्या, सगळ्यांत मांस, माझ्या टोपलीत कोबी. एका दुकानात तर गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने उठून मला हात जोडले. मी बोट दाखवून शिंपले मागितले की ते लोक हसून मान हलवत आणि मला मोहापासून वाचवल्याच्या समाधानात पुन्हा टोफू आणत. सासूबाई मात्र प्रसन्न. त्या म्हणाल्या, 'जयदीपराव, उगाच घाबरवलं होतं हो सगळ्यांनी. किती सोवळ्याचं गाव आहे.'

उलगडा आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंनी केला. मी त्यांना नाव सांगितल्यावर त्या हसायच्या थांबेनात. 'जे' म्हणजे त्यांच्याकडे कडक शाकाहार. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीला सगळं गाव नऊ दिवस जे पाळतं, दारोदार पिवळी निशाणं लागतात. ते नऊ दिवस आम्ही यायच्या आधी नुकतेच संपले होते आणि सगळं गाव अगदी तुटून पडल्यासारखं मांसमच्छी खात होतं. त्या गर्दीत हा एक परदेशी भक्त दारोदार जाऊन छातीवर हात ठेवून सांगतोय, 'मी जे.' हात जोडतील नाहीतर काय करतील. (सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी माझं नाव तिथल्या तिथे उचललं. पुढचे सगळे दिवस त्या कुठल्याही दुकानात ताठ मानेने जाऊन 'आय जे' म्हणायच्या आणि त्यांना गरमागरम, कांदा-लसूण नसलेलं ताट मिळायचं. माझ्या नावावर त्या गावात सुखाने जेवलेली ही एकमेव व्यक्ती.)

मी म्हटलं, ठीक आहे, साहेबांनी तोडलेलं नाव आपण जोडू. तुम्ही दिलेलं नाव आहे, चांगलं भरभक्कम आहे, पूर्ण सांगू. दुपारी एका खाणावळीत गेलो. मालकिणीने भुवया उंचावल्या तसा मी स्वच्छ, सावकाश, एकेक अक्षर मोकळं करून म्हणालो, 'जय-दीप'. तिने विचारात पडून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो. ती खांदे उडवून आत गेली आणि थाळी घेऊन आली. त्या थाळीत काकडी होती, चवळीच्या लांब शेंगा होत्या, पावटा कोबी होता (म्हणजे पाव कोबी, चुकीने लिहिलं, लाल खूण करा), कसलीशी तुरट पानं होती आणि एक कच्चं वांगं होतं. शिजवलेलं काही नाही. बैलाला पोळ्याच्या दिवशी यापेक्षा बरं मिळतं. संध्याकाळी मुक्कामाच्या मालकीणबाईंना सांगितलं, तर त्या जमिनीवरच बसल्या. 'दीप' असं काहीसं म्हटलं की तिथे त्याचा अर्थ होतो कच्चं. म्हणजे मामा, तुम्ही आत्याच्या कानात एवढं प्रेमाने सुचवलेलं नाव ज्या गावी तुम्ही चालला आहात तिथे 'कच्चा शाकाहारी' असं ऐकू येतं. मी तुम्हांला दोष देत नाही. तुम्हांला तेव्हा काय ठाऊक. फक्त नोंद करून ठेवतो.

असा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान, आणि पुढे ओंगार, आणि दुधी. मी सारंगचं पान बंद केलं, रस्ता सोडला आणि दिसेल त्या गल्लीत शिरलो. मागे स्वप्ना, रेवा आणि सासूबाई. एका पडवीत एक साधं दुकान होतं, पाटी तिथल्याच भाषेत, रांग नाही, फोटो काढणारं कोणी नाही, आत दोन म्हातारे आणि एक शाळेच्या गणवेशातली मुलगी जेवत होती. आणि दारातच पाण्याचं मोठं घमेलं. घमेल्यात खेकडे, नांग्या दोऱ्याने बांधलेले, हे एवढाले. मी उभाच राहिलो. एवढा वेळ शोधलेली गोष्ट समोर आल्यावर मला एकदम काही सुचेना, आणि सुचलं ते एवढंच की हे भरलेले आहेत की पोकळ, ते कसं ओळखायचं. अमावास्या जवळ होती की पौर्णिमा, तेही डब्लिनमध्ये राहून आता कळत नाही. लहानपणी तुम्ही बाजारात खेकडा उचलून, पोटाशी अंगठ्याने दाबून, 'हा भरलाय' म्हणायचात आणि कोळीण तुमच्याकडे बघून गप्प बसायची. तेव्हा मी तुम्हांला व्हिडिओ लावला. मुद्दा फोन ठेवण्याचा नव्हता, मामा. मुद्दा विचारण्याचा होता.

तुम्ही उचललात. तुमचं कपाळ दिसलं (तुम्ही फोन नेहमी कपाळाशी धरता), आवाज येईना. मी ओरडलो, 'पूमामा, ऐकू येतंय का? पूमामा!' आता हे नाव तुम्हांला मीच ठेवलं. पुरुषोत्तम म्हणता यायचं नाही म्हणून पूमामा, आणि आई म्हणायची, 'अरे, मामा आहे तो, गळू नाही.' तरी ते टिकलं. दारात मी असा बोंबलतोय म्हणून दुकानाची मालकीण बाहेर आली. तिने हातानेच विचारलं, काय? मी तिला दोन बोटं दाखवली, की बाई, दोन मिनिटं, आणि पुन्हा फोनमध्ये, 'पूमामा! पूमामा!' ती खूष होऊन आत गेली. मग तुम्हांला खेकडे नीट दिसावेत म्हणून मी फोन घमेल्यावर धरून वाकलो. एका बहाद्दराची दोरी सुटलेली होती. त्याने नांगी वर करून फोन धरला, मी दचकून सोडला, आणि फोन घेऊन तो तळाशी गेला. तुम्हांला दिसलेले डोळे ते. त्यानंतर तुम्ही स्वप्नाच्या फोनवर 'जयदीपला सांग, समजलं' एवढं लिहून जो अबोला धरलात तो आजतागायत. मी डब्लिनला येऊन नवा फोन घेतल्यावर रोज तुम्हांला लावतोय, तुम्ही रोज उचलत नाही आहात. एका खेकड्याच्या वागण्याची शिक्षा मी भोगतोय.

फोन बाहेर काढून आम्ही आत जाऊन बसलो. सासूबाई शेजारच्या टेबलावर, पंख्याखाली, 'आय जे' म्हणून मोकळ्या. मी नाव सांगितलंच नाही. काहीच मागितलं नाही, कारण मागून काय होतं ते मी पाहिलं होतं. तेवढ्यात मालकिणीने माझ्यापुढे दोन मोठे वाडगे आणून ठेवले. शेवयांचे नूडल्स, पिवळा रस्सा, आणि वर अख्खे खेकडे, फोडलेले, नांग्या वाडग्याबाहेर आलेल्या. दोन. ती माझ्या हाताकडे बोट करून, ज्यात मघाशी फोन होता त्या, हसून म्हणाली, 'पू. मामा.'

रात्री आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंनी अर्थ सांगितला. त्यांच्या भाषेत 'पू' म्हणजे खेकडा. आणि 'मामा' म्हणजे पुड्यातले झटपट नूडल्स. पोरंटोरं, कामावरची माणसं, सगळे त्याला मामाच म्हणतात. माझ्या नावाने मला टोफू मिळाला, तुम्ही दिलेल्या पूर्ण नावाने कच्चं वांगं मिळालं, आणि तुम्हांला हाक मारली तर खेकडा आला. दोन बोटं दाखवली म्हणून दोन वाडगे.

पहिला वाडगा मी खाल्ला. भरलेला होता. (अंगठ्याने दाबून पाहण्याची गरज पडली नाही, तुम्ही नव्हतात म्हणून कोणीतरी बघून दिला असणार.) तिथे वरवंटा नव्हता, मोठी नांगी मी दातांनीच फोडली. तुम्ही परसदारी पायरीवर बसून वरवंट्याने फोडायचात आणि त्यातला सगळ्यात मोठा गर आधी माझ्या ताटात टाकून मग मामीला म्हणायचात, 'याला काही मिळालंच नाही.' ते सगळं आठवलं. दुसरा वाडगा समोर तसाच होता, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे, वाफ येत होती. तुम्ही आता अलिबागला एकटेच जेवता, मामी गेल्यापासून खेकडा घरात आणलेलाच नाही, हे तुमच्या शेजारच्या यामिनीताईने मला सांगितलंय. मला तुम्ही तिथे हवे होतात. हे मी सरळ लिहितो, कारण पुढचं पुन्हा तुम्हांला नेहमीसारखं वाटेल. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटामुळे. टेबलावरच्या बरणीतली लाल मिरची मी जरा हात सैल सोडून घातली होती. रेवाने विचारलं, 'डॅडी, आर यू ग्रँड?' मी म्हटलं, ग्रँड. मग दुसराही वाडगा मीच खाल्ला. वाया कशाला घालवायचा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या दुकानाचं नाव मला वाचता आलं नाही, गल्ली आठवत नाही, आणि फोटो काढायचा तो फोन खेकड्याने आधीच बुडवला होता. तेव्हा फुकेतच्या जुन्या गावात कुठे जेवावं हे मला माहीत नाही. तुमच्यासोबत त्या सहलीवाल्यांचा आचारी असेलच. पत्रकात लिहिलंय, रोज सकाळी पोहे, रात्री वरण-भात, शेवटच्या दिवशी श्रीखंड-पुरी. कथिलाच्या व्यापाऱ्यांच्या गुलाबी घरांसमोर पातेल्यातलं श्रीखंड खाण्यात जी मजा आहे ती स्थानिक जेवणात कुठली. गुडघ्यांना जपा. दोघांनाही माझा नमस्कार सांगा.

तुमचा,
जयदीप (कच्चा)

ता. क. जाणारच असाल तर पत्ता वगैरे काही लागणार नाही. पिवळी निशाणं नसतील असं कुठलंही साधं दुकान बघा, दारात उभे राहा आणि स्वतःचं नाव सांगा. आम्ही ठेवलेलं.

ता. क. २. माझ्या मते जाऊ नका. मे महिन्यात सासूबाई पंधरा दिवस किलकेनीला शिवांगीकडे जाणार आहेत (स्वप्नाची धाकटी बहीण, तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहे). ओटा पंधरा दिवस मोकळा. इथला बंदरावरचा कोळी खेकडा परदेशी जायच्या आधी एखादा आपल्याला देईल, मी बोलून ठेवलंय. मला रस्सा येत नाही, मामा. मामीकडून तो फक्त तुम्ही शिकलात. मसाला घेऊन या, व्हिसाचं मी बघतो, विमानात पुढची पाय पसरायची जागा घेतो. यातलं एक अक्षरही फोनवर बोलू नका, इथल्या भिंती पातळ आहेत.

ता. क. ३. पत्र टाकायला सासूबाईंकडे देतोय. त्या रोज पोस्टापर्यंत फिरायला जातात. काळजी नको, दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्यांतल्या त्या नाहीत.

श्री. पुरुषोत्तमराव यांस सुलक्षणाचा नमस्कार. पाकीट नीट चिकटवलेलं नव्हतं. वाचायला नको होतं, वाचलं. मी मे महिन्यात किलकेनीला जाणार नाही, शिवांगीच इकडे येईल. तुम्ही जरूर या. ओट्यावर नको म्हणाले होते, परसात शेगडी मांडायला मी कधी नको म्हटलेलं नाही. पण जावयांनी कधी विचारलंच नाही. मी माझी खिचडी घेऊन वरच्या खोलीत बसेन, वास आला तर आला. पत्रात एक दुरुस्ती तेवढी करते, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा. त्या दुकानात तिखटाची बरणी एकच होती, आणि ती सबंध वेळ माझ्या टेबलावर होती.